२०२१चा मथळा, २०२४ची बातमी

२६ मे २०२४, रविवार. क्रीडा विभागात त्या संध्याकाळी दुसरा विषयच नव्हता. चेन्नईत आयपीएलची फायनल, कोलकाता विरुद्ध हैदराबाद. दोन पानं त्यासाठीच राखून ठेवलेली. मी दुपारीच साहेबांना गाठलं. "सर, आज मोनॅको आहे. लक्लेर पोलवर आहे, सगळ्यात पुढून सुटणार. थोडी जागा हवी होती."

"संक्षिप्तमध्ये चार ओळी घे," ते म्हणाले.

त्यांचं चूक नव्हतं. फायनलच्या दिवशी फॉर्म्युला वनच्या मोनॅको शर्यतीला कोण विचारतो? पण ड्रायव्हर चार्ल्स लक्लेरची मोनॅकोतली प्रत्येक बातमी २०१८पासून मीच केली होती, आणि दरवर्षी ती वाईटच बातमी होती.

२०१८ला तो साउबर संघात नवखा होता. शर्यत संपत आली असताना ब्रेक निकामी झाला आणि बंदराजवळच्या शिकेनला, म्हणजे लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांवर, त्याची गाडी पुढच्या हार्टलीवर जाऊन आदळली. २०१९ला फेरारीची लाल गाडी मिळाली, पण शनिवारी संघाने त्याला गॅरेजमध्येच बसवून ठेवलं आणि सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीच्या पहिल्याच टप्प्यात तो बाद झाला. रविवारी मागून येताना त्याने रास्कासच्या वळणावर ग्रोजाँला आत घुसून मागे टाकलं. तिथे असं करायला छाती लागते. तीच चाल पुढे हुल्केनबर्गवर करायला गेला आणि टायर फाटला. २०२०ची शर्यत कोविडमुळे रद्द झाली.

हे सगळं त्याच्या स्वतःच्या गावात. लहानपणापासून त्याच्या रोजच्या येण्याजाण्याचे हे रस्ते. पूर्ण फेरी ३.३३७ किलोमीटरची, आणि रस्ता इतका अरुंद की पुढच्याला मागे टाकणं जवळपास अशक्य. म्हणून मोनॅकोत पोल मिळाली की निम्मी शर्यत शनिवारीच जिंकल्यासारखी.

२०२१ला ती मिळाली. लॉकडाऊन होता, मी घरून काम करत होतो. आयपीएल मध्येच थांबलेली, पानं भरायची कशाने हाच प्रश्न, त्यामुळे मोनॅकोला अर्धं पान मिळालं होतं. शनिवारी पात्रता फेरीच्या अखेरीस स्विमिंग पूलच्या वळणावर तो भिंतीवर आदळला होता, पण त्याची आधीची वेळ कुणाला मोडता आली नाही. रविवारी सकाळी गिअरबॉक्स ठीक असल्याचं फेरारीने कळवलं. मी आनंदाने पानाचा आराखडा केला, मथळासुद्धा लिहून ठेवला. मग ग्रिडकडे, म्हणजे सुटण्याच्या जागेकडे, जाता जाता त्याच्या गाडीचा डाव्या बाजूचा ड्राइव्हशाफ्ट हब, चाकाला इंजिनची ताकद पोहोचवणारा भाग, गेला. पोलवरचा माणूस शर्यतीत उतरलाच नाही. सगळ्यात पुढची ती जागा रिकामी ठेवूनच शर्यत सुटली, आणि मी मथळा काढून वेर्स्टापेनच्या विजयाचा लिहिला.

२०२२ला पुन्हा पोल. पावसात तो आरामात पुढे होता. संघाने त्याला टायर बदलायला पिटमध्ये बोलावलं आणि तो आत वळल्यावर 'बाहेरच थांब' म्हणून सांगितलं. रेडिओवरचा त्याचा संताप अजून कानात आहे. चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये घरच्या रस्त्यांवर शर्यत पूर्ण करण्याची त्याची ती पहिलीच वेळ. २०२३ला पात्रता फेरीत तिसरा आला, पण बोगद्यात नॉरिसला अडवल्याबद्दल तीन जागांची शिक्षा झाली. सहावा सुटला, सहावाच आला.

तर, २६ मे. साडेसहाला मोबाइल स्टेपलरला टेकवून उभा केला आणि कानात एकच इअरफोन घातला, कारण दुसरा कान ऑफिससाठी मोकळा हवा. पहिल्याच फेरीत चढावर पेरेझच्या गाडीचे तुकडे तुकडे झाले. लाल झेंडा, शर्यत थांबली. माझ्या पोटात गोळा आला. सव्वासातच्या सुमारास शर्यत पुन्हा सुरू झाली. थांबलेल्या वेळात सगळ्यांनी टायर बदलून घेतल्याने आता पिटमध्ये जायची सक्तीच उरली नव्हती. एकाच टायरवर ७८व्या फेरीपर्यंत जायचं. लक्लेर मुद्दाम संथ चालवत होता, टायर जपत होता, मागे पियास्त्रीला ताटकळत ठेवत होता. पहिले दहाही जण सुटले त्याच क्रमाने पोहोचले. शर्यत कंटाळवाणी झाली, असं नंतर खूप जणांनी म्हटलं. मला ते पटत नाही. सहा वर्षं या गावात हातातलं निसटलेलं पाहिलेला माणूस जिंकत असताना काहीच न घडणं किती अवघड असतं, हे मी त्या मोबाइलच्या स्क्रीनवर पाहत होतो.

साठाव्या फेरीला कॉपी उघडली, पण पहिलं वाक्य लिहिलं नाही. २०२१ने ती सवय लावली आहे.

मोठ्या टीव्हीवर हैदराबादचे गडी पडत होते, विभाग ओरडत होता. बाजूला बसणारा नवा मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, काय झालं?" तेव्हा कळलं की मी खुर्चीतून उठून उभा आहे. शेवटच्या फेऱ्यांत वडिलांची आठवण येत होती, बोगद्यातून बाहेर पडताना डोळ्यांतल्या पाण्याने समोरचं नीट दिसत नव्हतं, असं लक्लेरने नंतर सांगितलं. वडील एर्वे २०१७च्या जूनमध्ये गेले. जाण्याआधी त्याने त्यांना सांगितलं होतं, फॉर्म्युला वनचा करार झालाय. तो तेव्हा झालेला नव्हता.

नऊच्या सुमारास तो जिंकला. १९३१मध्ये लुई शिराँ जिंकला होता. त्यानंतर मोनॅकोचा माणूस मोनॅकोत पहिल्यांदाच जिंकत होता.

बाहेरगावी जाणाऱ्या, लवकर सुटणाऱ्या डाक आवृत्तीत चार ओळीच गेल्या. मग कोलकात्याने ११४चं लक्ष्य १०.३ षटकांतच गाठलं. सामना एवढा लवकर आटोपला की फायनलचं दुसरं पान भरेना. साहेबांनी मान वर केली. "तुझं ते मोनॅको... तीन कॉलम देतोस?"

वीस मिनिटांत दिली. निकाल दोन परिच्छेदांत संपवला, बाकी सगळं २०१८ ते २०२३. बंदरातल्या पाण्यात त्याने मारलेल्या उडीचा फोटो घेतला. मथळ्यासाठी विचार करावा लागला नाही. जुन्या मेलमध्ये २०२१चा पडून होता: 'घरच्या रस्त्यांवर लक्लेरची मोहोर'. त्याच्याआधी 'अखेर' टाकलं. ओळीत बसेना, म्हणून फॉन्ट दोन पॉइंटने कमी केला आणि पान सोडलं.