गाड्या नाहीत, हेलिकॉप्टर नाही, नुसता नवरा

पहिला मसुदा 118 पानांचा झाला. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशोब या धंद्यात सगळ्यांना पाठ असतो. मलाही होता, पण लिहिताना मी तो सोयीने विसरलो. तीन गाड्यांचा पाठलाग, पेटलेलं गोदाम, वरून घिरट्या घालणारा ड्रोन आणि शिकारीची रायफल घेऊन डोंगरभर बायकोच्या मागे धावणारा नवरा, असा सगळा जामानिमा होता. हाताशी काय, तर चौदा दिवस, एक कॅमेरा, अकरा माणसं आणि एक रिकामं घर. माझा मित्रच निर्माता होता, स्वतःची शिल्लक त्याने यात घातली होती. सहाव्या पानावर "गाडी कठडा तोडून दरीत कोसळते" असं वाचून त्याने चष्मा काढला आणि विचारलं, "कोणाची गाडी?"

मग कात्री लागली. गोदाम गेलं, ड्रोन गेला, तीन गाड्यांची एक झाली आणि तीही बंद पडलेली. 91 पानांवर आलो तेव्हा कळलं की उरलंय ते नुसतं धावणं. ती धावते, तो धावतो, ती लपते, तो जवळून जातो, ती पुन्हा धावते. ॲक्शन थ्रिलर म्हटल्यावर धावायला तर हवंच, असं मी स्वतःला समजावत होतो.

ओळखीतून एका बाईंनी पटकथा वाचायचं कबूल केलं. घरातल्या मारहाणीतून बाहेर पडणाऱ्या बायकांबरोबर त्या बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करतात. मी गेलो होतो ते एकदोन तपशील तपासून घ्यायला. त्यांनी पानं बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "हा इतका धावतो कशाला हो?"

मला प्रश्नच कळला नाही.

"नवरा आहे ना तो तिचा? मग ती कुठे जाईल ते त्याला ठाऊक असणार. बहीण कुठे राहते, जिवाची मैत्रीण कोण, अडीनडीचे पैसे कुठे ठेवते, फोनचा पासवर्ड काय. तुमचा हा माणूस परका वाटतो मला. भाड्याने आणलेला गुंड असा धावेल. नवऱ्याला धावावं लागत नाही, तो आधीच जाऊन बसतो."

दोन तास त्यांनी मला समोर बसवून ठेवलं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 साली जगभरात सुमारे 51,100 स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरातल्याच कोणाच्या हातून मारल्या गेल्या, म्हणजे दिवसाला सरासरी 140, हे त्यांनी चहाच्या हिशोबासारखं सांगितलं. बाई घर सोडते तोच काळ बहुतेकदा सर्वांत धोक्याचा असतो, हेही. माझ्या पटकथेत घर सोडल्यावर तिला पहिला मोकळा श्वास घेताना दाखवलं होतं, वर पक्षी उडत होते. पक्षी त्याच दिवशी उडवले.

खरी शरम वाटली ती बाराव्या पानावर. तिथे तो तिचा गळा आवळतो, आणि तेराव्या पानावर ती खणखणीत आवाजात भांडते. त्या म्हणाल्या, ज्या घरात एकदा गळा आवळला गेला तिथे पुढे खुनाची शक्यता सात पटींहून जास्त असते, असं 2008 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. तुम्ही तर ते मधल्या मारामारीसारखं घातलंय. गळ्यावर कित्येकदा वळ दिसतच नाही. आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत लाल ठिपके येऊ शकतात. मेकअपवाला बोटांचे निळेजांभळे ठसे उमटवायला टपलेला होता. त्याला थांबवलं आणि ठरवलं की तेराव्या पानापासून तिचा आवाज बसलेला राहील.

याला खर्च शून्य, पण डोकेदुखी केवढी! शूट कधी क्रमाने होत नाही. सकाळी शेवटचा सीन, दुपारी मधला, संध्याकाळी पहिला. आवाज दिवसागणिक थोडा थोडा सुटत जायला हवा, आणि इथे पत्ते पिसल्यासारखे सीन. कन्टिन्युटी सांभाळणाऱ्या मुलीने वहीत कपडे, केस, जखमा यांच्या शेजारी "आवाज" असा वेगळा रकाना आखला आणि एक ते पाच आकडे दिले. एक म्हणजे नुसती हवा, पाच म्हणजे बरा. क्लॅप द्यायच्या आधी ती ओरडायची, "ताई, आवाज दोन!" नायिका घसा खाकरून दोनवर यायची. नव्या माणसाला वाटायचं, हे रेडिओ लावतायत की काय.

फोनवरून माग काढणारी चकती गाडीत लपवायची, ही माझी आणखी एक हुशारी. ती बारगळली, कारण अनोळखी चकती आपल्याबरोबर फिरत असली तर हल्लीचे फोनच इशारा देतात. 2024 पासून तर आयफोन असो की अँड्रॉइड, दोन्हीकडे ही सोय आहे. प्रेक्षक तिथेच म्हणाला असता, अगं फोन बघ. त्याऐवजी नवऱ्याला तिचा पासवर्ड माहीत आहे, एवढंच ठेवलं. पासवर्ड ठेवताना तो शेजारीच बसला होता.

रायफल मात्र मला सोडवेना. शेवटी एका गोळीपुरती ठेवली, तीही सेटवर न उडवता. यावर वाद घालायला मी तयार नव्हतो. 1993 साली नट ब्रँडन ली सेटवर गेला तो बनावट काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिल्याने. पुढे त्याच बंदुकीतून गोळी नसलेलं, नुसत्या आवाजाचं काडतूस उडवलं तेव्हा ते टोक गोळीसारखं सुटलं. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला तो ज्या बंदुकीत खरी गोळी नाही असं सगळे धरून चालले होते तिच्यामुळे. तिथे तर पैसेही होते, माणसंही होती. आमच्याकडे शस्त्रांकडे बघायला वेगळा माणूस नव्हता. म्हणून आमची रायफल लाकडाची आणि तिच्या नळीचा भडका संगणकावरचा, एका फ्रेमचा.

त्या एका गोळीवर आम्ही इतर कशावरही घेतले नसतील एवढे कष्ट घेतले. आधी एडिटरने भडका, उडालेली माती आणि आवाज तिन्ही एकाच फ्रेमवर ठेवलं होतं. दिसायला अगदी फटाका. साउंडवाला म्हणाला, तो समोरच्या टेकडीवर आहे ना, मग आवाज इतक्या लवकर येईल कसा? हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो आणि शिकारीच्या रायफलीची गोळी त्याच्या दुपटीहून वेगाने. म्हणजे तो 343 मीटरवर असेल तर, सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशोबाने, आधी दूरवर ठिणगी, मग दहा-अकरा फ्रेमनी तिच्या पायाशी माती, आणि चोविसाव्या फ्रेमला, बरोब्बर एका सेकंदाने, धडाका. तसं लावून पाहिलं आणि खोलीतले सगळे मागे रेलले. अंतर दाखवायला लेन्स लागली नाही की क्रेन. माती उडवायला जमिनीत पुरलेली रबरी नळी होती, तिच्यावर चाळलेली माती आणि दुसऱ्या टोकाला टायरवाल्याकडे असतो तसा कॉम्प्रेसर.

मारामारीच्या तालमी तीन दिवस घेतल्या. चौदा दिवसांच्या शूटला तीन दिवस तालीम ही चैन वाटत होती. आता वाटतं, पाच हव्या होत्या. ठोसा मारणाऱ्याच्या खांद्यामागे कॅमेरा ठेवला की मूठ चेहऱ्यापासून फूटभर लांबून गेली तरी चालतं; ठोसा विकतो तो खाणाऱ्याच्या मानेचा झटका. हे ऐकून होतो. केस धरून फरफटत नेतात ते कसं करतात, हे मात्र पहिल्यांदाच पाहिलं. तो नुसती मूठ आवळून तिच्या डोक्यावर टेकवतो, केस धरतच नाही. ती दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडून आपल्या डोक्यावर घट्ट दाबून ठेवते, आणि चालते तीच. कुठे, किती वेगाने, कधी थांबायचं, सगळं तिच्या हातात. गळ्याचंही तसंच: त्याचे पंजे तिच्या गळपट्टीच्या हाडांवर टेकलेले, घशावर भार नाही, आणि सुटायची धडपड दाखवत ती त्याचे हात स्वतःकडे धरून ठेवते. आमचा नवरा झालेला नट मुळात भिडस्त. तो सारखा पुढे पुढे जायचा. फाइट मास्टर ओरडले, "सर, तुम्ही ओढू नका! ताई ओढतायत, तुम्ही नुसते मागून चला!" प्रत्येक कटनंतर, कधी कधी कटच्या आधीही, तो विचारायचा, "लागलं का?" एडिटिंगला बसलो तेव्हा चार चांगल्या टेकच्या शेपटाला ते "लागलं का" होतं. त्यातला एक टेक तर त्यापायी टाकून द्यावा लागला.

रात्रीच्या जंगलाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो भाग आठवला की अजून चिडचिड होते. लाइट आणि जनरेटर परवडत नव्हते, म्हणून दिवसा शूट करून रात्र करायची ठरलं. सूर्य नटांच्या पाठीमागे घ्यायचा म्हणजे तो चंद्र होतो, एक्सपोजर दोनेक स्टॉप खाली म्हणजे चित्र काळोखं होतं, व्हाइट बॅलन्स 3200 केल्व्हिनवर म्हणजे उजेड निळा पडतो, आणि आकाश फ्रेममध्ये चुकूनही घ्यायचं नाही. पहिल्या दिवशी हे सगळं पाळलं, शेवटची अट सोडून. पांढरंफेक आकाश कितीही काळवंडवलं तरी रात्रीचं होत नाही. अर्धा दिवस वाया. दुसऱ्यांदा कॅमेरा उंचावर नेला, खाली तोंड करून उताराची जमीन तेवढी घेतली, आणि मग जमलं.

बाराव्या दिवशी नायिकेचा घोटा मुरगळला. तेही स्टंटमध्ये नव्हे, जेवायला जाताना पायरी चुकून. दोन दिवस उरलेले, जिन्यातली मोठी मारामारी आणि छतावरची पळापळ बाकी. ती खुर्चीत पाय वर करून बसलेली, निर्माता भिंतीकडे तोंड करून उभा. मला त्या बाईंचं वाक्य आठवलं, तो आधीच जाऊन बसतो. मागे शूट केलेल्या एका सीनमध्ये ती मैत्रिणीशी फोनवर बोलता बोलता सहज विचारते, नळ अजून गळतोय का तुझा? ते वाक्य नुसतं भरतीचं होतं.

रात्री दोनपर्यंत बसून दीड पान लिहिलं. ती लंगडत मैत्रिणीच्या घरापाशी पोहोचते. स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड आहे. आत बाह्या दुमडून नवरा सिंकखाली आडवा झालाय, नळ दुरुस्त करतोय. मैत्रीण टॉर्च धरून उभी आहे, कशाला तरी हसते आहे. बस. ना मारामारी, ना संवाद. मैत्रिणीच्या कामाला आमचीच कन्टिन्युटीवाली मुलगी उभी केली. नायिकेला फक्त उभं राहायचं होतं आणि लंगडणं तर खरंच होतं. कॅमेऱ्याच्या तीन जागा, एक संध्याकाळ.

या सीनला जीव आला तो आवाजाने. खऱ्या नळाचं रेकॉर्डिंग अगदीच मिळमिळीत निघालं, म्हणून स्टीलच्या ताटावर ओलं फडकं पसरून त्यावर थेंब पाडले. ती बाहेर असताना थेंब काचेपलीकडून, वरचे सूर कापून, बोदा ऐकू येतो. टप. टप. टप. मग थांबतो. पुढचे सहा सेकंद फक्त खोलीचा आवाज, जो आम्ही शूटच्या दिवशी सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर रेकॉर्ड केला होता. पहिला कट 104 मिनिटांचा होता, शेवटचा 79 चा. जी 25 मिनिटं गेली ती जवळजवळ सगळी धावण्याची. आठ जणांना बोलावून दाखवला तेव्हा थेंब थांबल्याबरोबर मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटलं, "निघ तिथून."

त्या समुपदेशक बाईंनाही दाखवला. शेवटपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. दिवे लागल्यावर म्हणाल्या, "तो पाना त्याने बरोबर आणला होता, की मैत्रिणीकडचा?"

मी गप्प. खरं तर तो पाना लाइटवाल्याच्या पेटीतला होता.

"आणला असणार," त्या म्हणाल्या. "घरातून निघतानाच घेतला असणार."

दुसऱ्या दिवशी निर्मात्याच्या घरी टेबलाचा ड्रॉवर उघडून चार सेकंदांचा इन्सर्ट घेतला: एक हात पाना उचलतो, फडक्यात गुंडाळतो, पिशवीत ठेवतो. ती घर सोडून जाते त्याच्या लगेच नंतर तो लावलाय. नट तोपर्यंत दुसऱ्या शूटला गेला होता, त्यामुळे तो हात माझा आहे.