पाकिटावरचं ‘ता. , जि.’

फोनमधल्या पत्त्यांवरून लग्नपत्रिकेची पाकिटं छापायला घेतली की पहिल्या नमुन्यात हमखास एक ओळ येते : ‘ता. , जि. सांगली’. तालुक्याच्या जागी नुसता स्वल्पविराम. हाताने लिहिणारा माणूस असं कधी लिहिणार नाही, कॉम्प्युटर मात्र इमानेइतबारे लिहितो. या एका स्वल्पविरामाने माझा जेवढा वेळ खाल्ला तेवढा बाकीच्या सगळ्या कामाने मिळून खाल्ला नाही. म्हणून बाकीचं आधी उरकून घेतो.

कॉम्प्युटरवर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडायचं, ज्यांना पत्रिका जाणार त्यांना ‘लग्न’ असं लेबल लावायचं आणि तेवढंच लेबल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कप्पे पाडलेली साधी यादी) म्हणून एक्सपोर्ट करायचं. ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. ती यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात असते आणि थेट उघडली की बऱ्याचदा मराठी नावांच्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. कोरी एक्सेल फाइल घ्या, डेटा मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने ती आत आणा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूनिकोड निवडा. नावं नीट दिसली की हा भाग संपला.

नावांचा कॉलम मात्र जसाच्या तसा पाकिटावर नेऊ नका. फोनमध्ये लोक ‘विटा मामा’, ‘बाळू ट्रॅक्टर’, ‘जोशी नवीन नंबर’ असे राहतात. ‘पाकिटावरचं नाव’ असा वेगळा कॉलम करा आणि श्री., श्री. व सौ., श्रीमती सकट पूर्ण नाव हाताने भरा. याला शॉर्टकट नाही. घरातल्या जाणत्या बाईला शेजारी बसवलं तर श्रीमती आणि सौ. यांतल्या चुका होत नाहीत. ती चूक छापील अक्षरात गेली तर कुणी विसरत नाही.

आता मूळ दुखणं. कॉन्टॅक्टच्या फॉर्ममध्ये रस्ता, गाव, राज्य, पिन यांना कप्पे आहेत. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा यांना नाहीत. त्यामुळे ज्याला जसं सुचलं तसं त्याने ते सगळं रस्त्याच्या कप्प्यात कोंबलेलं असतं. वर्डच्या मेल मर्जमधला (यादीतला एकेक पत्ता आपोआप पाकिटावर भरणारी सोय) तयार ‘अॅड्रेस ब्लॉक’ही त्याच साच्याचा. त्याला गाव, राज्य, पिन कळतं, ‘मु. पो.’ कळत नाही.

शिवाय आपल्याकडचे पत्ते एका साच्याचे नसतातच. किमान ४ प्रकार निघतात. गावात स्वतःचं पोस्ट असेल तर ‘मु. पो. अमुक’. पोस्ट शेजारच्या गावात असेल तर ‘मु. अमुक, पो. तमुक’. सांगली, मिरज, सातारा शहरांतल्या पत्त्यांना घर, गल्ली, पेठ लागते, ‘मु.’ लागत नाही. चौथा प्रकार आमच्या भागाचा खास : खानापूर, आटपाडी, तासगावकडचे गलाईवाले. सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या गलाईच्या धंद्यात ही माणसं केरळ, तमिळनाडूपासून देशभर पांगली आहेत, आणि कुठल्याही घरच्या यादीत त्यांचे पाच-पन्नास पत्ते असतातच. तिकडच्या पोस्टमनला देवनागरी पत्ता देऊन उपयोग नाही. तो इंग्रजीतच छापायचा, राज्याच्या नावासकट.

वर्डमध्ये हे सांभाळायचे दोन मार्ग सांगितले जातात. पहिला : प्रत्येक कप्पा (वर्डच्या भाषेत फील्ड) सुटा घालायचा आणि रिकाम्या ओळी वर्ड आपोआप गाळतो यावर विसंबायचं. गाळतो हे खरं, पण त्या ओळीत रिकाम्या फील्डशिवाय दुसरं काही नसेल तरच. ‘ता.’ किंवा एखादा स्वल्पविराम हाताने टाइप केलेला असेल तर वर्डच्या लेखी ती ओळ भरलेली आहे. ओळ शिफ्ट-एंटरने तोडली असेल तरी गाळत नाही, साधा एंटरच हवा.

दुसरा मार्ग फील्ड कोडचा. ऑल्ट-एफ९ दाबलं की महिरपी कंसातले कोड दिसतात. त्यात कॉलमच्या नावापुढे बॅकस्लॅश, बी आणि अवतरणात ‘ता. ’ लिहिलं की तालुका भरलेला असेल तरच ‘ता.’ छापलं जातं. बीच्या जागी एफ लिहिलं तर तो मजकूर मागे लागतो, म्हणजे स्वल्पविरामाची सोय झाली. हे चालतं, छान चालतं. पण मु. आणि मु. पो. यांतली निवड करायला इफच्या (जर-तरच्या) आत इफ घालावं लागतं, आणि हे कंस कीबोर्डवरून टाइप केलेले चालत नाहीत, प्रत्येक जोडी कंट्रोल-एफ९नेच आणावी लागते. एक कंस हुकला की ओळच्या ओळ गायब. दोन संध्याकाळी यात घालवल्यावर माझं मत पक्कं झालं : पत्ता वर्डमध्ये रचूच नये. रचना एक्सेलमध्ये करावी, वर्डने फक्त तयार ओळी छापाव्यात.

त्यासाठी एक्सेलमध्ये घर, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य, पिन आणि ‘प्रकार’ असे कॉलम करा. प्रकारात गाव, शहर किंवा परराज्य यांपैकी एक. रस्त्याच्या कप्प्यातला मजकूर ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने स्वल्पविरामावर फोडता येतो. एकाच कप्प्यात दोन-तीन ओळी असतील तर आधी रिप्लेसच्या ‘फाइंड’मध्ये कंट्रोल-जे दाबा, चौकट रिकामी दिसली तरी ओळतोड पकडली जाते, आणि तिच्या जागी स्वल्पविराम घाला. मग यादी पिनप्रमाणे लावा. एका पिनची गावं बहुधा एकाच तालुक्यातली असतात, त्यामुळे तालुका एकदा लिहून कंट्रोल-डीने खाली ओढता येतो. जिल्हा मात्र पिनच्या पहिल्या तीन आकड्यांवरून ठरवू नका. विटा ४१५३११ आणि तासगाव ४१६३१२, दोन्ही सांगली जिल्ह्यातलेच. साताऱ्याचं ४१५००१ पाहून विट्यापुढे ‘जि. सातारा’ लावलेल्या याद्या मी पाहिल्या आहेत.

यानंतर ओळ १ ते ओळ ४ असे नवे कॉलम. ओळ १ पाकिटावरचं नाव, ओळ २ घर. ओळ ३ चं सूत्र असं : प्रकार ‘गाव’ असेल आणि पोस्टचा कप्पा रिकामा किंवा गावासारखाच असेल तर ‘मु. पो.’ आणि गाव, नाहीतर ‘मु.’ गाव, ‘पो.’ पोस्ट. शहर असेल तर नुसतं गाव. ओळ ४ साठी टेक्स्टजॉइन वापरा (तुकडे जोडणारं सूत्र, एक्सेल २०१९ पासून आहे). त्याला रिकामे कप्पे वगळायला सांगता येतं. तालुका रिकामा असेल तर काही नाही, नाहीतर ‘ता. ’ आणि तालुका. तसंच जिल्ह्याचं. शेवटी डॅश आणि पिन. तो छळवादी स्वल्पविराम इथे कायमचा मरतो.

तरी एका ठिकाणी फसायला होतं. गाव आणि पोस्ट डोळ्यांना सारखेच दिसतात आणि एक्सेल म्हणतं वेगळे आहेत. कारण बहुतेक वेळा शब्दामागची स्पेस. ती ट्रिम या सूत्राने जाते. पण ‘कऱ्हाड’सारख्या शब्दात ते अर्ध्या र-चं वळण दोन तऱ्हांनी टाइप होतं : एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या र-नंतर न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर फरक शून्य, तुलनेत नापास. एका कप्प्यातला शब्द कॉपी करून दुसऱ्यावर पेस्ट करणं हाच झटपट इलाज.

पिनबद्दल आणखी एक. वर्ड एक्सेलची फाइल वाचताना पहिल्या ८ ओळींवरून कॉलम आकड्यांचा की मजकुराचा ते ठरवतो. काही पिन मध्ये जागा सोडून आणि काही सलग लिहिले असतील तर अल्पमतातले पिन कोरे किंवा शून्य येतात. ओळ ४ मध्ये पिन सबस्टिट्यूट या सूत्रातून, जागा काढून, आणला की तो मजकूरच होतो आणि ही भानगड उरत नाही.

वर्डमध्ये मेलिंग्ज, स्टार्ट मेल मर्ज, एन्व्हलप्स. ९ बाय ४ इंची पाकिटाला कस्टम साइजमध्ये २२८.६ आणि १०१.६ मिमी भरा, आणि तोच आकार प्रिंटरच्या सेटिंगमध्येही द्या, नाहीतर पत्ता पाकिटाबाहेर छापला जातो. अक्षराचा आकार बदलायचा तर ‘एन्व्हलप अॅड्रेस’ ही स्टाइल बदला, परिच्छेदांमधली जागा शून्य करा. देवनागरीचा फॉन्ट कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या रकान्यात असतो, वरचा (इंग्रजीचा) बदलून काही होत नाही. परराज्यवाले फिल्टरने वेगळे काढून दुसऱ्या फाइलमधून छापा.

पाकिटावर पिनच्या ६ चौकटी असतील तर मिड या सूत्राने एकेक आकडा सुटा करून ६ कॉलम करा आणि वर्डमध्ये ६ घरांचा तक्ता त्या चौकटींवर बसवा. स्पेस मारमारून बसवलेले आकडे फॉन्ट बदलला की सरकतात. चाचणी पाकिटावर नको. पाकिटाच्या मापाचा साधा कागद कापून सगळ्यात लांब पत्ता छापा आणि पाकिटामागे धरून उजेडात पाहा.

उठावाचा गणपती असलेलं जाड, चकचकीत पाकीट प्रिंटरमध्ये घालूच नका. लेझरच्या उष्णतेने सुरकुततं, इंकजेटची शाई पुसते. तिथे ए-४ कागदावर २४ येतात ती चिकटवायची लेबलं बरी.

आणि प्रेषक विसरू नका, खाली डाव्या कोपऱ्यात. वर्ड तो पत्ता ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, मेलिंग अॅड्रेसमधून उचलतो आणि स्वतः वर डावीकडे ठेवतो. एन्व्हलप ऑप्शन्समध्ये रिटर्न अॅड्रेसच्या ‘फ्रॉम टॉप’ने तो खाली आणावा लागतो.