जक्कय उंबरावर चढतो तेव्हा

शनिवार, रात्र

ख्रिस्ती कीर्तनकाराने लोकांना किती हसवावं? आमच्या चर्चच्या मंडळीतली जुनीजाणती माणसं म्हणतात, देवाचं वचन सांगायला उभं राहिलेल्या माणसाने आब राखावा. तरुणांचं म्हणणं, हसवलं नाही तर गावात पहिल्या दहा मिनिटांतच माणसं उठतात. मला दोन्ही पटतं, म्हणून आज नीट लिहून काढते आहे.

१८५७ साली जानेवारी ते मे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. तिथे सगळा रोख खंडनमंडनाचा, म्हणजे दुसऱ्याचं खोडायचं आणि आपलं मांडायचं. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ओवी, अभंग, भजन, कीर्तन ही आपल्या घरातली वाट धरली. कीर्तन घेतलं की त्याबरोबर विनोदही येतोच. तो कुठे बसवायचा, एवढंच आपल्या हातात राहतं.

दीड तासाचं कीर्तन धरू. नमन आणि पूर्वरंग, म्हणजे विषयाचं निरूपण, मिळून चाळीस मिनिटं, मध्यंतरात पाच मिनिटं नामगजर, मग चाळीस मिनिटं आख्यान, म्हणजे गोष्ट, उरलेल्या पाचात प्रार्थना. पूर्वरंगात मूळपद, म्हणजे ज्यावर निरूपण करायचं ते पद, लोकांच्या कानात बसेपर्यंत विनोद नको. ध्रुपद, म्हणजे त्या पदाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, दोनदा म्हणून झालं, समोरची चार माणसं टाळी धरू लागली, की एखादा घरगुती दाखला चालतो: उधारीची वही, सासूची किल्ली, असलं काही. आख्यानात मोकळीक जास्त. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र अजिबात नाही. तिथे हशा झाला तर प्रार्थनेला डोळे मिटले तरी ओठांवर हसू राहतं, आणि लहान पोरं खिदळतात.

जक्कयाचं आख्यान घ्या, बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १९वा अध्याय. गर्दीत येशू दिसेना म्हणून हा ठेंगणा जकातदार पुढे धावतो आणि उंबरावर चढतो. नवखा कीर्तनकार इथे हटकून ठेंगणेपणावर हशा घेतो, गुडघे वाकवून चालून दाखवतो. तिथेच घात होतो. ऐकणाऱ्यांत कुणी ठेंगणं असतंच, आणि त्या क्षणापासून ते माणूस कीर्तनातून उठून गेलेलं असतं, बसलेलं दिसलं तरी. खरी गंमत दुसरीकडे आहे. ज्याला रस्त्यात लोक वाट देतात असा पैसेवाला अधिकारी पोरासारखा झाडावर चढतो! ते दाखवायला एक हात पुरतो. चिपळ्या डाव्या हातात घ्याव्यात, उजव्याने उपरणं कमरेला खोचावं, एकदा वर बघावं, एकदा आजूबाजूला कुणी पाहतंय का ते बघावं. बस्स. लोक हसतात ते माणसाच्या ओढीला, त्याच्या अंगकाठीला नाही. त्यामुळे अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, हा त्याचा शब्द येतो तेव्हा तेच लोक गप्प होतात.

हशा ओसरायला दोन श्वास द्यावेत. घाईने पुढचं वाक्य टाकलं तर ते हशात बुडतं, आणि जास्त थांबलं तर आपण दाद मागतोय असं दिसतं. तबलजीला आधी सांगून ठेवावं की विनोदावर तुकडा वाजवू नकोस, ठेका धरून राहा. त्या एका तुकड्याने कीर्तनाचा तमाशातला वग होतो. पेटीचा सूरही उघड्या मैदानात हौसेने चढा लावू नये. रोजच्यापेक्षा एक सूर खालीच बरा, नाहीतर आवाज चिरकतो आणि नको तिथे लोक हसतात.

दुसऱ्यांच्या देवावर, सणावर, सोवळ्यावर, खाण्यापिण्यावर विनोद करायचा नाही. इथे मी कुणाचं काही ऐकणार नाही. गावाने आपल्याला पार दिला, सतरंजी दिली, तिथे बसून यजमानाच्या देवघराची टिंगल करायची ही असभ्यता आहे. आपल्या मंडळीतल्या कंजूषपणावर, भांडणांवर, रविवारच्या भक्तीवर हवं तेवढं बोलावं. मधूनच कुणी आडवा प्रश्न टाकला तर हजरजबाबीपणा दाखवू नये. टोला लगावला की गाव दोन बाजूंना वाटलं जातं. "भाऊ, कीर्तन झाल्यावर बसू आपण," एवढं म्हणून ध्रुपद उचलावं, आणि नंतर खरोखर बसावं. हे दुसरं बरेचजण विसरतात.

पारावर येण्याआधीचा अर्धा तासही लोक बघत असतात. पोरांशी चेंडू खेळावा, का नाही? फेटा नंतर बांधावा म्हणजे झालं. पण खाऊ वाटू नये. गोळ्या-बिस्किटं दिली की आमिषाचा संशय येतो, आणि तो गैर आहे असं मला म्हणवत नाही. पोरांचे फोटोही त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय काढू नयेत. पुस्तिका आणल्या असतील तर त्या पिशवीतच ठेवाव्यात. पेटीचा भाता बंद झाला, तबल्यावर गवसणी चढली, माणसं उठली, की मग जो मागेल त्याच्या हातात द्यावी.