आमची वाटचाल : अठ्ठेचाळीस रंगांवरून एका पेनावर

जळगावात खाली चित्रसाहित्याचं दुकान आणि वर माळ्यावर क्लास, एवढाच आमचा पसारा. सुरुवातीचा सगळा धंदा परीक्षेवर चालायचा. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट जवळ आल्या की पोस्टर कलर, ड्रॉइंग पेपर, कंपासपेट्या आणि गोल ब्रश यांची झुंबड. परीक्षा आटोपली की दुकानात शांतता. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन या विषयांनी हाताला शिस्त लागते, यात वाद नाही. पण ए ग्रेड घेऊन मुलं परत यायची आणि काउंटरवर दोन प्रश्न टाकायची. माझी स्वतःची स्टाईल कशी आणू? आणि त्यासाठी कोणता पेन घेऊ?

दुसऱ्या प्रश्नावर आम्ही बरीच वर्षं पैसे कमावले. पुढची वाटचाल ती कमाई हळूहळू सोडण्याची आहे.

नवशिक्याला अठ्ठेचाळीस रंगांची पेटी द्यायचं आधी बंद केलं. गल्ल्याला ते लागतं, कबूल. पण त्या पेटीतल्या बऱ्याच छटा कारखान्यातच दोन-तीन रंग मिसळून केलेल्या असतात. त्यातल्या दोन एकमेकींत घातल्या की कागदावर चार-पाच रंगद्रव्यं एकत्र येतात, एकमेकांचा उजेड खातात आणि चित्र मळकट होतं. मुलाला वाटतं आपला हातच कच्चा. शिवाय प्रत्येक झाडाला तयार हिरवा मिळाला की कोणता हिरवा हे ठरवायची वेळच येत नाही, आणि शैली म्हणतात ती अशाच ठरवण्यातून घडते. आता पेटीऐवजी चार ट्यूब देतो: लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायेना. झाडाचा हिरवा या चारांतून ज्याचा त्याने काढायचा. दहा मुलांचे दहा हिरवे निघतात.

रंगांच्याही आधी तीस दिवस फक्त पेन. ए5 वही, 120 ते 150 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद, 0.5 मिलिमीटर टोकाचं वॉटरप्रूफ शाईचं पेन, बस. झेरॉक्सचा 80 जीएसएमचा कागद चालत नाही, शाई मागच्या पानावर उतरते आणि मुलं पान एका बाजूने सोडून देतात. खोडरबर काउंटरखाली ठेवतो, मागितला तरी पहिल्या महिन्यात देत नाही. कारण साधं आहे. चुकलेली रेघ खोडली की चूक कुठल्या बाजूला जाते ते कळायचं राहून जातं. ती तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ मारली, तर महिन्याच्या शेवटी वही उघडून दिसतं की या हाताची प्रत्येक लंबवर्तुळाकार कड उजवीकडे झुकते, चेहरे लांब होतात, पायांना जागा उरत नाही. यातलं काही सुधारायचं असतं आणि काही जपायचं असतं. कोणतं काय, हे तीस पानं एकत्र पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आम्हालाही नाही.

अमळनेर-पारोळ्याकडची पोरं पहिल्या आठवड्यात हमखास म्हणतात, "सर, मनी रेघच सरळ येत नही." रेघ सरळ नसते याचं दुःख नाही, ती केसाळ असते याचं आहे. एका कडेसाठी सात-आठ आखूड फटकारे, एकमेकांवर चढलेले. त्याची कारणं तीन: पेन टोकाजवळ घट्ट धरलेलं, हात मनगटातून चाललेला, नजर टोकावर. मनगट बिजागरीसारखं फिरतं, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटरनंतर रेघ आपोआप वळते आणि मूल हात उचलतं. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. ए3 कागदावर 20 सेंटिमीटर अंतराने दोन ठिपके द्यायचे, हात खांद्यातून हवेत दोनदा फिरवून घ्यायचा, तिसऱ्या खेपेला टेकवायचा आणि नजर शेवटच्या ठिपक्यावर ठेवायची. रोज 40 रेघा, दहा मिनिटं. दोन-तीन आठवड्यांत केस गळतात. मग रेघेत जो झोक उरतो, तो त्या हाताचा.

आता क्लासचा कणा, म्हणजे बारा चित्रांचा सराव. वस्तू कोणतीही चालते. आम्ही केळीचं पान घेतो, कारण ते फुकट मिळतं आणि फसवं आहे. रावेर-यावलची मुलं केळीच्या बागेत वाढलेली, पण काढायला बसवली की बहुतेक जण आंब्याचं पान मोठं करून काढतात: मध्ये शीर आणि तिला फांद्यांसारख्या तिरप्या शिरा. केळीच्या पानाच्या शिरा मधल्या दांड्यापासून जवळजवळ काटकोनात निघतात आणि एकमेकींना समांतर कडेपर्यंत जातात. म्हणून वाऱ्याने पान फाटतं तेही शिरेच्या रेषेत फाटतं आणि त्याच्या पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टी वेगळ्या कोनात लोंबते, म्हणून प्रत्येकीवर उजेड वेगळा. हे एकदा दिसलं की मग काय काढायचं आणि काय सोडायचं हा खरा प्रश्न समोर येतो, कारण पट्ट्या वीसच्या वर असतात आणि त्या सगळ्या काढल्या तर चित्र कंगव्यासारखं दिसतं.

पहिली तीन चित्रं समोर बघून, प्रत्येकी 20 मिनिटं. पुढची तीन 5 मिनिटांची. पुढची तीन एकेका मिनिटाची. मग पान उचलून न्यायचं आणि शेवटची तीन आठवणीतून, 5-5 मिनिटं. सगळं दीड तासात होतं. नंतर बाराही कागद क्रमाने जमिनीवर मांडायचे आणि उभं राहून पाहायचं.

इथे मुलं ठरलेली चूक करतात. दुसरं किंवा तिसरं चित्र सगळ्यांत सुबक असतं, त्याच्याकडे बोट दाखवून ही माझी स्टाईल म्हणतात. ती पानाची मेहेरबानी असते, वेळ भरपूर होता म्हणून. आम्ही सातव्यापासून पुढे पाहतो. एका मिनिटात कोणी कड पूर्ण सोडून फक्त फटी काळ्या भरतं. कोणी दांड्याचा एकच बाक काढतं आणि पट्ट्या चार फटकाऱ्यांत उरकतं. कोणाच्या पट्ट्या आठवणीतून काढताना गोल होतात, पिसांसारख्या. घाईत आणि आठवणीत जे टिकलं ते कागदाच्या मागे पेन्सिलने शब्दांत लिहायचं. "छान लय" असलं काही नको. "बाहेरची रेघ जाड, आतली तुटक", "फटी काळ्या, पान कोरं" असं लिहायचं.

एवढ्यावर थांबलं तर घोटाळा होतो, कारण ते गुण पानाचे की मुलाचे हे अजून ठरलेलं नसतं. म्हणून पुढच्या आठवड्यात तोच सराव भरताच्या हिरव्या वांग्यावर, आणि तिसऱ्या आठवड्यात खुर्चीत बसलेल्या माणसावर. वांगं तर पानाच्या अगदी उलटं: फाटणं नाही, पट्ट्या नाहीत, नुसता फुगीर चकाकता आकार आणि देठाची टोपी. पान, वांगं आणि माणूस या तिन्हींत जे पुन्हा आलं, तेवढंच आपलं धरायचं. बहुतेकांच्या हाती दोन गोष्टी लागतात, क्वचित तीन. पालकांना हे फार थोडं वाटतं. काम सुरू करायला पुरतं.

नकल करावी की नाही, यावर काउंटरवर रोज वाद होतो. आमचं उत्तर तासा-दीड तासाच्या रस्त्यावर आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरून 1844 पासून रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं तैलरंगात प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे. 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे (जे. जे. स्कूलचे) विद्यार्थी घेऊन त्याच भिंती पुन्हा उतरवल्या. 1909 पासून इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत बंगालचे चित्रकार नंदलाल बोस, असितकुमार हालदार आले. भिंत तीच, उतरवणारे हात वेगळे. नंदलालांच्या पुढच्या चित्रांत रेघेला जे वजन आलं, त्यामागे अजिंठा आहे असं मानतात.

तेव्हा नकल करायची, पण मोजून. तीन चित्रकार, प्रत्येकाची तीन चित्रं. एकाच चित्रकाराला धरून बसलं तर त्याची लकब अंगाला चिकटते, दहा धरले तर काहीच मुरत नाही. पहिलं चित्र बघून, मूळ मापात. दुसरं मूळ बंद करून आठवणीतून, अर्ध्या मापात. तिसऱ्यात विषय आपला, म्हणजे पोळ्याचा बैल, एसटी स्टँड, घरची चूल, आणि त्यात त्या चित्रकाराकडून एकच गोष्ट उसनी घ्यायची: रेघेची जाडी किंवा डोळ्याची ठेवण किंवा रिकामी जागा. काय उसनं घेतलं ते मागे लिहायचं. खरं शिकणं तिसऱ्या चित्रात होतं, आणि मुलं नेमकं तेच टाळतात.

फोनवरून ॲनिमे, म्हणजे मोठ्या डोळ्यांची जपानी कार्टून, काढणाऱ्यांबद्दल थोडक्यात. त्यात वाईट काही नाही. पण मूळ चित्रकाराने कवटीचा गोळा समजून डोळा मोठा केलेला असतो आणि इथे फक्त डोळा उचलला जातो, म्हणून चेहरा जरा वळवला की दुसरा डोळा गालावर घसरतो. आधी गोळा, त्यावर मधली आडवी-उभी रेघ, अशी 30 डोकी वेगवेगळ्या कोनांत काढायची. नंतर डोळे हवे तेवढे मोठे करा.

अजिंठ्याला बॅच नेतो तेव्हा सोमवार टाळतो, लेणी बंद असतात. शाई घरी ठेवायची, 4बी पेन्सिल आणि मातकट रंगाचा कागद घ्यायचा. पहिल्या लेण्यात शिरल्यावर अंधाराला डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं जातात, तोवर वही उघडूच नये. पूर्ण पद्मपाणी, म्हणजे भिंतीवरचा हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, काढायला बसू नये. एक हात किंवा एक पापणी घ्यावी आणि रेघ कुठे जाड होते, कुठे विरते, एवढंच टिपावं.

कोळसा आम्ही विकतो, पण तो घरी करता येतो हेही सांगतो. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी घ्यायची. पेन्सिलएवढ्या जाडीच्या सुक्या काड्या, साल काढून, 10 सेंटिमीटरचे तुकडे. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठासून भरायच्या, झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडायचं आणि डबा चुलीत ठेवायचा. आधी पांढरा धूर येतो, ते पाणी. मग भोकाशी ज्योत धरते. धूर पूर्ण थांबला की डबा बाहेर काढून भोक मातीने लिंपायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. गरम असताना उघडला तर हवा शिरून सगळ्याची राख होते. लवकर काढला तर काड्या आतून तपकिरी राहतात आणि कागद ओरखडतात. आत भेंड असल्याने ही काडी विकतच्या कोळशापेक्षा ठिसूळ असते, पण तेच बरं. तिने पापण्यांचे केस काढता येत नाहीत, त्यामुळे आधी काळं-पांढरं कुठे ठेवायचं ते ठरवावं लागतं.

जलरंगाची तक्रार मात्र हवेची असते, हाताची नसते. एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 ला गेला की पुस्तकांतल्या सूचना आमच्याकडे चालत नाहीत. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, अर्ध्यावर सुकतो आणि मध्ये कडक कड पडते. सकाळी नऊच्या आत रंगवावं, पंखा बंद ठेवावा, कागद 300 जीएसएमचा घ्यावा, दोन्ही बाजूंनी ओला करून फळीवर चिकटवावा, फळी थोडी तिरपी ठेवावी. वाटीभर पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले तर सुकणं लांबतं. जास्त टाकले तर रंग चिकट राहतो आणि धूळ धरतो. काही मुलं या कडक कडाच ठेवून देतात, मुद्दाम, सपाट तुकड्यांसारख्या. त्यांना आम्ही अडवत नाही.

अलीकडे लग्नपत्रिकांसाठी नवरा-नवरीची चित्रं आणि दुकानांच्या शटरवरची कामं जुन्या विद्यार्थ्यांकडे येतात. ऑर्डर घ्यायच्या आधी एक ए4 पान तयार करायला सांगतो: डोकं तीन बाजूंनी, हात, कपड्याची घडी, एक झाड, एक भिंत. बाहेरची रेघ 0.8, आतली 0.3. पाच रंग आणि प्रत्येकाचं मिश्रण आकड्यांत, जसं दोन भाग पिवळा, एक भाग निळा. हे पान नसेल तर सहाव्या चित्रातली नवरी पहिल्या चित्रातल्या नवरीची बहीण दिसते, आणि गिऱ्हाईक ते लगेच ओळखतं.

टॅबलेट आम्ही विकत नाही, तरी विचारायला सगळे येतात. पहिल्या महिन्यासाठी सांगतो: स्टॅबिलायझर शून्यावर, ब्रश एक, लेयर एक. स्टॅबिलायझर वर ठेवला की सगळ्यांच्या रेघा एकसारख्या गुळगुळीत होतात आणि वहीत कमावलेला झोक पुसला जातो. झूम 100 टक्क्यांच्या पुढे न्यायचं नाही. 400 वर काढलेल्या पापण्या छपाईत काळा डाग होऊन येतात. काम झालं की ए5 वर एक प्रिंट काढून हातभर अंतरावरून बघायचं, आणि शेजारी तीस दिवसांची ती पेनाची वही उघडून ठेवायची.