फोन ऐकतो की आपणच सांगतो?

आज परत तोच प्रश्न आला: "मिक्सरबद्दल नुसतं बोललो आणि लगेच जाहिरात! फोन ऐकतो का?" अहो, ऐकायची गरजच नसते. बिलाच्या काउंटरवर आपण मोबाइल नंबर सांगतो ना, तिथूनच सुरुवात होते. दुकानदार नंबरांची यादी मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) जाहिरात खात्यात टाकतो. अपलोड होण्याआधी प्रत्येक नंबराचा एसएचए-२५६ हॅश होतो, म्हणजे ठरावीक सूत्राने नंबराची ६४ अक्षर-अंकांची ओळ बनते. पण एका नंबराची ओळ कायम तीच येते, त्यामुळे तुमचं फेसबुक खातं बरोब्बर जुळतं. (दुकानदाराला नावांची यादी मात्र परत मिळत नाही.)

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, गुगल, अ‍ॅड्स, मग 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' (जाहिरातींसाठी फोनला दिलेली ओळख) निवडा. 'रीसेट' नको, त्याने फक्त नवा आयडी मिळतो. डिलीट केल्यावर अ‍ॅपला नुसती शून्यं दिसतात. नंबराची जुळणी यानेही थांबत नाही, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

फेसबुकवर अकाउंट्स सेंटरमध्ये मेटाबाहेरच्या अ‍ॅक्टिव्हिटीचं पान शोधा, म्हणजे इतर अ‍ॅप आणि दुकानं तुमच्याबद्दल मेटाला जे कळवतात त्याची यादी. मागचं 'क्लिअर' करून लोक थांबतात; पुढचंही 'डिस्कनेक्ट' करायचं असतं, नाहीतर यादी पुन्हा भरू लागते. आणि काउंटरवर नंबर मागितला तर "बिल कागदावरच द्या" म्हणायचं.