मानेवरचं ऊन

दिवे घाटात माझी मान भाजली, हे मला सासवडला पोचेपर्यंत कळलंच नाही.

२०२३ची वारी. पाऊस लांबलेला. १४ जूनला माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघाली तेव्हा आभाळात ढग होते, पण पांढुरके, पातळ. वाराही छान होता. हडपसर मागे पडल्यावर मी पदर कमरेला खोचला, टाळ वाजवायला हात मोकळे हवेत म्हणून. शेजारी बार्शीकडच्या एक मावशी चालत होत्या. म्हणाल्या, "पोरी, पदर घे की डोईवर. ऊन लई वंगाळ हाय." मी म्हटलं, "मावशी, वारा आहे हो, ऊन कुठं लागतंय!"

घाटात सावलीला झाड नाही. दोन्ही बाजूंनी माणसांची रांग, पुढे पताका, मुखात नाव. चढताना माझी सावली पायापुढे पडत होती, हे मात्र लक्षात आहे. नंतर त्याचा अर्थ लागला. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भरदुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, मग पश्चिमेला कलतो. आणि आपण चालतो आग्नेयेला. म्हणजे दुपारभर ऊन पाठीमागून, थेट मानेवर.

सासवडच्या तळावर रात्री राहुटीत आडवी झाले आणि उशी टेकताच कळ मस्तकात गेली. ब्लाउजच्या मागच्या गळ्याचा गोल आकार पाठीवर जसाच्या तसा उमटला होता. माझा रंग सावळा, त्यामुळे लाली फारशी दिसत नव्हती. कातडी गरम, ताणलेली आणि हात लावू देत नव्हती. पहाटे मानेवर बारीक पाणीदार फोड आले, अंगात कसर वाटू लागली. दिंडीतल्या प्रत्येकीकडे उपाय होता: खोबरेल, तूप, हळद, टूथपेस्ट, बर्फ. सगळ्या मायेने सांगत होत्या, आणि मी खोबरेल लावूनही घेतलं. आग आणखी वाढली.

सकाळी तळाजवळच्या वैद्यकीय मदत केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, उलटी झाली का, चक्कर येते का, लघवी नीट होते का, ताप किती. मग विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?" चेहऱ्यावरच्या पुरळासाठी मी डॉक्सिसायक्लिन घेत होते. त्या म्हणाल्या, या गोळीने कातडी उन्हाला फार हळवी होते. दुसऱ्याला जेवढ्या उन्हात काही होत नाही, तेवढ्यात तुम्ही भाजता. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आपल्याकडे 'ऊन लागलं' म्हणजे चक्कर, ताप, उलटी. कातडी उन्हाने भाजते, त्याला आपण 'काळवंडली' म्हणतो आणि सोडून देतो. पण हे भाजणंच आहे, आणि ते उष्णतेने होत नाही, अतिनील किरणांनी होतं. वारा उष्णता नेतो, किरण नेत नाही. पातळ ढगांतूनही ते बरेचसे खाली येतात. शिवाय आग लगेच जाणवत नाही. काही तासांनी सुरू होते आणि साधारण दिवसभरात शिगेला पोचते. म्हणूनच घाटात मला काही कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय साधा निघाला. सुती पंचा गार पाण्यात भिजवून दहा-पंधरा मिनिटं मानेवर ठेवायचा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ लावायचा नाही. फोड नसलेल्या भागावर कातडी ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. पाणी भरपूर. फोड फोडायचा नाही, कारण वरची कातडीच खालच्या जखमेचं झाकण असते. ताप चढला, हुडहुडी भरली, उलट्या झाल्या किंवा फोड मोठ्या भागावर पसरले, तर चालणं थांबवून दवाखाना गाठायचा. पुरळाची गोळी त्यांनी तूर्त बंद करायला सांगितली. सासवडचा दुसरा मुक्काम माझ्या कामी आला. तो दिवस मी टँकरच्या सावलीत पंचा भिजवत काढला.

१६ तारखेला जेजुरी. पालखीवर भंडारा उधळला जात होता, रस्ता पिवळा झाला होता. मावशींनी हळद-भंडाऱ्याची चिमूट माझ्या मानेकडे नेली, "लाव, देवाचं हाय." फुटायला आलेल्या फोडांवर कोरडी पूड नको होती. मी वाकून कपाळ पुढे केलं. त्यांनी भंडारा कपाळाला लावला, आणि मग काही न बोलता माझा पदर स्वतःच्या हाताने डोईवर घेऊन कानामागे पिन लावली. तेव्हा पाहिलं, रांगेतल्या सगळ्या जुन्या वारकरी बायकांची मान झाकलेली होती, पुरुषांच्या मानेवर उपरणं होतं. वर्षानुवर्षं हीच वाट चालणाऱ्यांचा तो शहाणपणा होता. सनस्क्रीनही मी पुढे लावत राहिले, पण ते घामाने जातं, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं; पदर जात नाही.

नीरा नदीवर पोचलो तेव्हा कातडीचे पापुद्रे सुटायला लागले होते, दोन फोड आपोआप फुटले होते. उघड्या जखमेला नदीचं पाणी नको, म्हणून माउलींच्या पादुकांचं स्नान काठावरून पाहिलं आणि गुडघ्यापर्यंतच पाण्यात उतरले. मावशी डुबकी मारून आल्या, ओल्या लुगड्यानिशी माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि पिण्याच्या बाटलीतलं पाणी हळूहळू माझ्या मानेवरच्या पंच्यावर ओतू लागल्या.