झेंडू, तुरटी आणि विहिरीचं पाणी

दसऱ्याला दारावर बांधलेली तोरणं दोन दिवसांत मलूल होतात आणि गोवाभर केरात जातात. रेशीम रंगवणाऱ्याचा हंगाम तिथून सुरू होतो. फूल सुकलं तरी त्यातला रंग शाबूत असतो.

रंग खुलला की कौतुक होतं फुलाचं. खरं काम रंग धाग्याला धरून ठेवणाऱ्या तुरटीचं, आणि त्याहूनही पाण्याचं. गोव्याची जमीन जांभ्याची, लोखंडाने भरलेली. काही विहिरींचं पाणी रात्रभर बादलीत ठेवलं तर तळाशी तांबूस साका बसतो. त्या पाण्यात झेंडू पिवळाधमक न येता शेवाळी येतो आणि बोल लागतो फुलाला. परीक्षा सोपी आहे: पेलाभर पाण्यात कडक कोरा चहा ओता. काळपट झालं तर लोह आहे. पहिल्या काही सरी वाहून गेल्यावर कौलांवरून पडणारं पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवावं.

50 ग्रॅमच्या स्टोलला 6 ते 7 ग्रॅम तुरटी पुरते. स्टोल आधी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायचा, मग तुरटीच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचा. मूठभर तुरटी घालणारे पुष्कळ आहेत. त्यांचं रेशीम हाताला चिकट आणि राठ लागतं. सुक्या पाकळ्या 50 ग्रॅम, बुडाचा हिरवा भाग काढून. स्टीलच्या पातेल्यात तीन लिटर पाण्यात पाऊण तास मंद उकळून गाळून घ्यायच्या. आता ओला स्टोल आत सोडायचा. वाफा निघाव्यात, उकळी फुटता कामा नये. 80 अंशांच्या वर गेलं की रेशमाची झळाळी उतरते. चाळीस मिनिटं हलवत राहायचं आणि त्याच पाण्यात निवू द्यायचं. कोरडं कापड टाकलं किंवा पातेलं लहान पडलं की डाग पडतात. (असे डाग मग ‘डिझाइन’ म्हणून खपवले जातात, तो भाग वेगळा.)

याच पिवळ्याचा मेंदी रंग करायचा तर वेगळ्या भांड्यातल्या पाण्यात अर्धा ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) घालून स्टोल त्यात पाच-दहा मिनिटं ठेवायचा. हिराकस जास्त झाला तर रंग गडद दिसतो खरा, पण रेशीम हळूहळू घडीवर विरतं.

गोकर्णीच्या निळ्याला आणि कोकमाच्या लालीला भुलू नये. दोन्ही साबणाला बदलतात, उन्हाला उडतात. हळदही उन्हात टिकत नाही. त्यापेक्षा सुताराकडून फणसाच्या गाभ्याचा पिवळा भुसा मागून आणावा. बहुतेक फुकटच मिळतो. रात्रभर भिजवून उकळला की जुन्या सोन्यासारखा पिवळा येतो. ब्रह्मदेशातल्या भिक्षूंची चीवरं याच लाकडाने रंगवत.

सागाची कोवळी पानं मात्र छापायलाच घ्यावीत. बोटांत चुरडली की बोटं लाल होतात, तीच पानं योग्य. जून झाली की लाली कमी. तुरटीतला ओला स्टोल पसरून पानं शिरांची बाजू खाली करून मांडायची, काठीवर गच्च गुंडाळून सुतळीने करकचून बांधायचं आणि स्वयंपाकाला न वापरायच्या मोदकपात्रात तासभर उकडायचं. गुंडाळी सैल राहिली तर पान सरकतं आणि छाप फिसकटतो. उकडून झालं तरी दुसऱ्या दिवसापर्यंत सोडू नये. मग सावलीत वाळवून आठवडाभराने रिठ्यात धुवावं. पहिल्या पाण्याला थोडा रंग सुटतोच.